बत्तीच्या मागचा मृग

दादासाहेबाला बारामतीच्या कॉलेजात वाघमोडे सर म्हणत आणि गावी, अंथुर्ण्यात, म्हाळसाचा दादासो. दोन्ही हाका त्याला आवडायच्या, पण दोन्ही एकदम ऐकू आल्या की त्याची पंचाईत व्हायची. सर म्हणवून घेणारा माणूस सहसा चुकत नाही, आणि चुकला तरी कबूल करत नाही. आणि म्हाळसाचा दादासो तर चुकूच शकत नाही, असं त्याच्या आईचं, म्हाळसाचं, ठाम मत होतं. त्या मतापायीच पुढचं सगळं झालं.

पंच्याण्णव साल. अक्षय तृतीयेला तो गावी आला होता. ताटात आमरस होता, आई समोर बसून वाढत होती, आणि वाढता वाढता म्हणाली, "तू कालेजातल्या पोरास्नी दुर्बिणीतनं चांदण्या दावतोस म्हणं. आमच्या गावाला कधी दावनार?"

जानेवारीत त्याने विद्यार्थ्यांना मृग नक्षत्र दाखवलं होतं. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, खाली चमचमता व्याध. बाणाच्या खालचा धुक्यासारखा ठिपका दुर्बिणीतून पाहताना एक मुलगी "अगंबाई" म्हणून ओरडली होती. ते त्याला आठवलं आणि तोंडातला घास गिळून तो म्हणाला, "मृग लागतो ना, त्या दिवशी येतो. मृगाच्या दिवशी सगळ्या गावाला मृगच दाखवतो."

वाक्य इतकं झकास जमलं होतं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. वाक्य चांगलं जमलं की माणूस ते तपासत नाही. खरं तर तो शिकवायचा भिंगं आणि प्रकाश. आकाश त्याने एका नकाशावरून हिवाळ्यात शिकून घेतलं होतं. जूनमध्ये लागतो तो पेरणीचा मृग, आणि थंडीत डोक्यावर येतो तो आकाशातला मृग. दोन्ही त्याच्या डोक्यात होते, पण एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखे. त्यांची गाठ घालून द्यावी असं त्याला कधी सुचलं नाही.

म्हाळसाला मात्र जे हवं होतं ते मिळालं.

तिचा नवरा म्हस्कू गेला तेव्हा घरात मेंढरं होती आणि दादासो बी.एस्सी. झाला होता. गावातल्या शहाण्यांनी सल्ला दिला, पोराला कारखान्यात चिकटव, कळप वाढव. तिने उलटंच केलं. कळप विकला आणि पोराला एम.एस्सी. करायला पुण्याला धाडलं. तो काय शिकतो असं कुणी विचारलं की ती सांगायची, "उजेड शिकतोय." झालं. 'मेंढरं इकून उजेड शिकतंय' हे गावाला कायमचं मिळालं. खुरपणीच्या रांगेत, पिठाच्या गिरणीवर, कुणाच्या घरची वीज गेली तरी, "बोलवा म्हाळसाच्या पोराला, त्याच्याकडं उजेड हाय." दहा वर्षं तिने हे ऐकून घेतलं. एकदाही उलट बोलली नाही, कारण बोलायला हातात काही नव्हतं.

आता होतं. लग्नाचं आवतण द्यावं तशी ती घरोघर फिरली. "मिरगाच्या दिशी सांजच्याला बिरोबाच्या म्होरं या. माझा दादासो मिरग दावनार हाय." सर्जेरावांकडे तर दोनदा गेली. सर्जेराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन, चाळीस एकर ऊस, आणि गावात हसायचं कुणाला आणि कधी हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा. ते म्हणाले, "वैनी, मिरग काय करायचाय? रोहिण्या कोरड्या गेल्या. पोराला म्हणावं पाऊस दाव."

"पाऊस देव दावंल आबा," म्हाळसा म्हणाली. "मिरग माझा दादासो दावंल."

सर्जेरावांना एवढं ताडकन उत्तर द्यायची गावात पद्धत नव्हती. ते हसले, पण बघू म्हणाल्यासारखे. तिने तोंडातून शब्द काढला होता आणि आता तिची दहा वर्षांची पत त्या शब्दावर टांगलेली होती.

मृगाच्या दिवशी दुपारच्या बारामती–इंदापूर गाडीने दादासाहेब उतरला. गोधडीत गुंडाळलेली दुर्बीण लाकडी खोक्यात होती. फाट्यावर रामहरी ट्रॅक्टर घेऊन आला होता. तो म्हाळसाच्या शेजारचा, दादासाहेबाच्या बरोबरीचा. आभाळात ढगाचा टिपूस नव्हता. गाव त्या निळ्या आभाळाकडे बघून कुढत होतं आणि दादासाहेब मनात खूश होता, की वा, आकाश कसं स्वच्छ आहे.

संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढे मंडळी जमली. बायकांनी सकाळीच पटांगण सारवून घेतलं होतं. सर्जेरावांसाठी लोखंडी खुर्ची, बाकीच्यांना सतरंज्या, पोरं देवळाच्या ओट्यावर. म्हाळसाने दुर्बिणीच्या नळीला हळदकुंकू वाहिलं, रामहरीने नारळ फोडला. नळीवर कुंकवाचं बोट पाहून कॉलेजातले सहकारी काय म्हणतील हे दादासाहेबाच्या मनात येऊन गेलं, पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ते पुसलं नाही. ती नवं लुगडं नेसली होती. पुढच्या रांगेत बसायला कुणी सांगितलं नव्हतं तरी पुढच्या रांगेत बसली होती, शेजारणीच्या, छबूबाईच्या मांडीला मांडी लावून.

अंधार पडायला अवकाश होता. तोवर चार गोष्टी सांगाव्यात म्हणून तो उभा राहिला, आणि एक गोष्ट मान्य केली पाहिजे, सांगत छान होता.

"आपला सूर्य हासुद्धा एक ताराच आहे," तो म्हणाला. "रात्री दिसतात त्यातलाच एक. फार मोठा नाही, फार लहानही नाही, मध्यम. जवळ आहे म्हणून एवढा वाटतो."

"मंग बाकीचं बी असंच तापत असत्याल?" छबूबाईने विचारलं.

"असेच. काही तर याच्याहून कितीतरी मोठे. पण लांब. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात. त्याच्यानंतर जो सगळ्यात जवळचा तारा आहे, त्याचा उजेड निघाल्यापासून चार वर्षांनी पोचतो. आणि काही तारे असे आहेत की त्यांचा आज दिसणारा उजेड निघाला तेव्हा आपलं अंथुर्णं वसलेलंही नव्हतं."

सर्जेराव खुर्चीत जरा पुढे सरकले. "म्हंजी चार वर्सांनी निरोप येतोय," ते म्हणाले, "आपल्या तालुक्याच्या हापिसापेक्षा बरं म्हणायचं."

हशा झाला. म्हाळसा सगळ्यात मोठ्याने हसली. सर्जेराव तिच्या पोराच्या कार्यक्रमात विनोद करत होते, पोरावर नव्हे. तिने वळून मागच्या बायकांकडे एक नजर टाकली. गिरणीवरच्या सगळ्या तिथे होत्या.

"आन् दिवसा कुठं जात्यात चांदण्या?" ओट्यावरून कुणीतरी विचारलं.

"कुठंच जात नाहीत," दादासाहेब म्हणाला. "दिवसाही डोक्यावर असतातच. सूर्याच्या उजेडापुढे आपल्याला दिसत नाहीत, एवढंच. ट्रॅक्टरचा दिवा डोळ्यांवर आला की मागचा ड्रायव्हर दिसतो का? तसं."

हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सगळ्यांना पटलं. त्यालाही पटलं होतं.

मग आपल्याच रंगात येऊन त्याने नको तो खेळ मांडला. नक्षत्र 'लागतं' म्हणजे काय, हे दाखवतो म्हणाला. रामहरीला पंपाची रॉकेलची बत्ती पेटवायला सांगितली आणि ती पटांगणाच्या मध्यावर एका उपड्या डब्यावर ठेवली. "ही बत्ती म्हणजे सूर्य." भोवती मोठं रिंगण करून माणसं उभी केली. "हे तारे. दूरचे." प्रत्येकाला नक्षत्राचं नाव दिलं. छबूबाई ज्येष्ठा झाली, रामहरी चित्रा झाला आणि त्याची बायकी नावावरून यथेच्छ चेष्टा झाली. आजच्या दिवसाचा मान सर्जेरावांचा. "आबा, तुम्ही मृग." सर्जेरावांची खुर्ची उचलून रिंगणात, देवळाच्या बाजूला ठेवली. ते मिशीवर हात फिरवत बसले.

"आता पृथ्वी पाहिजे. पृथ्वी कोण होणार?"

कुणी पुढे येईना. बत्तीच्या उजेडात सगळ्या गावापुढे एकट्याने उभं राहायचं म्हणजे भारीच. म्हाळसा पदर सावरत उठली. "मी व्हते की."

त्याने आईला बत्तीच्या अलीकडे उभं केलं, सर्जेरावांच्या बरोबर समोरासमोर, बत्ती मध्ये. "आई, बत्तीकडे तोंड कर. हा झाला दिवस. आता सांग, बत्तीच्या पाठीमागे कोण आहे?"

"आबा हायत."

"आबा म्हणजे कोण?"

"मिरग."

"शाब्बास. सूर्य आज मृगाच्या पुढ्यात आलाय. यालाच आपण म्हणतो, मृग लागला. सूर्य मृगात आला." टाळ्या पडल्या. "आता गोल फिर. बत्तीकडे पाठ कर. ही झाली रात्र. आता या रात्री आपण दुर्बिणीतून काय बघणार?"

"मिरग!" सगळं पटांगण ओरडलं.

"कुठं आहे मृग? बोटाने दाखव आई."

म्हाळसाने समोर पाहिलं. समोर छबूबाई होती. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बोट उचललं, खाली घेतलं. मग तिने मान वळवून मागे पाहिलं आणि डोळ्यांवर हात घेतला.

"आबा तर बत्तीच्या मागं ऱ्हायलं," ती म्हणाली. "आन् बत्तीकडं बघितलं की डोळं दिपत्यात. आबा दिसत न्हाईत."

दादासाहेब तिच्याकडे बघत राहिला. मग बत्तीकडे. मग बत्तीपलीकडच्या खुर्चीकडे. त्याच्या डोक्यातल्या त्या दोन जावांनी पहिल्यांदा एकमेकींकडे तोंड केलं. मृग लागला म्हणजे सूर्य मृगापाशी जाऊन बसला. मग मृग उगवणार सूर्याबरोबर, दिवसभर डोक्यावर राहणार, आणि मावळणार सूर्याबरोबर. वर्षातल्या ज्या दिवसांत मृग मुळीच दिसू शकत नाही, त्यातलाच नेमका दिवस त्याने निवडला होता. पृथ्वी फिरून बत्तीच्या त्या अंगाला जाईल तेव्हा रात्री मृग दिसेल. थंडीत. जानेवारीत, जेव्हा त्याने तो स्वतः पाहिला होता. शाळेतल्या पोराला कळावी अशी गोष्ट होती आणि ती त्याने आत्ता स्वतःच सगळ्या गावाला शिकवली होती.

तो खाली बसून बत्तीला पंप मारू लागला. बत्तीला त्याची काहीही गरज नव्हती.

"मास्तर," सर्जेराव पलीकडून म्हणाले, "मला दिव्याच्या मागं बसवलंय, मंग लोकास्नी दावनार कवा?"

"दिसभर दिसत न्हाय, आन् दिस बुडला की त्यो बी बुडला," छबूबाई हिशेब जुळवत म्हणाली. "मंग आज मिरग दिसनार कसा?"

कुणीतरी मागून खुदकन हसलं. ते हसू त्याला ओळखीचं वाटलं. लहानपणापासून आईच्या मागे मागे चालत आलेलं हसू होतं ते. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. बत्तीच्या उजेडात लपायला जागा नाही. 'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. गाव हसलं असतं, सर्जेरावांनी वर्षभर पुरेल एवढी टर उडवली असती, आणि त्यांनीच पहिला चहा पाजला असता. पण मनात एकच येत होतं, की मी प्रकाशाचा एम.एस्सी., मला हे कळू नये.

तेवढ्यात म्हाळसा बोलली.

"त्याच्याकडं काय बघताय? चूक माझी हाय. त्यानं थंडीतला दिस सांगितला असंल. मलाच दम निघाला न्हाय. मिरग दावनार म्हणला आन् मी अडाणी बाईनं मिरगाचाच दिस धरून गावभर आवतान दिलं."

"अगं, पर तू तर म्हणत हुतीस, त्यानं सोताच ह्यो दिस सांगितला," छबूबाई म्हणाली.

"म्हणली असंन. माझ्याच टकुऱ्यात घोटाळा झाला." तिने दोन्ही हात जोडले आणि रिंगणातल्या सगळ्यांकडे फिरवले. "माफी करा बाबांनो. त्याचा काय दोष न्हाय."

ती खोटं बोलत नव्हती, हे त्याला तिच्या आवाजावरून कळलं. आपल्या पोराला सांभाळून घ्यायला केलेलं नाटक असतं तर एक वेळ त्याला सोसलं असतं. तिला मनापासून वाटत होतं की घोटाळा आपलाच असणार, कारण दुसरा कुणाचा असूच शकत नाही.

आणि दादासाहेब उभा राहिला, हात झटकले आणि म्हणाला, "असू दे आई. होतं असं."

असू दे आई! तिच्या हातून दुधाचं भांडं कलंडलं असतं तर हे शोभलं असतं. तोंडातून शब्द गेला आणि परत घ्यायची सोय राहिली नाही. लोकांनी माना डोलावल्या. पोरगं किती समजूतदार, आईवर चिडलं नाही, असं कुणीतरी म्हणालंही. सर्जेराव खो खो हसले, "वैनी, पुढच्या टायमाला दिस नीट इचारून आवतान देत जा!" आणि मग सगळं पटांगण हसलं, मनमोकळं, कुणाच्याही मनात पाप नसताना. म्हाळसाही हसली आणि पदर तोंडाला लावून रिंगणाबाहेर गेली.

पुढचा कार्यक्रम मात्र फक्कड झाला, हे त्याचं दुर्दैव. चंद्र दशमीचा होता. त्यावरचे खड्डे बघायला रांग लागली. देवळाच्या उजव्या अंगाला गुरू उगवून वर आला होता. त्याच्या बाजूला ओळीने बारीक ठिपके, त्याचे चंद्र. सर्जेरावांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. "आयला, ह्यो तर लेकुरवाळा हाय!" ते म्हणाले, आणि रांगेत पुन्हा मागे जाऊन उभे राहिले. चेअरमन रांगेत उभे राहिलेले गावाने पहिल्यांदा पाहिले.

"मला आदीच वाटलं हुतं," रांगेत छबूबाई रामहरीला सांगत होती. "मिरग काय ह्या दिसांत दिसत न्हाय. थंडीत दिसतोय. पर म्हणलं, यंत्र हाय. जे दिसत न्हाय तेच तर दावत असंल यंत्र."

"मला बी तसंच वाटलं," रामहरी म्हणाला.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मेंढरांच्या वाड्यावर, मळ्यावर उघड्यावर झोपलेली माणसं ती; थंडीतला मृग त्यांनी जन्मभर पाहिला होता. पण म्हाळसाचा दादासो म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी आपल्या डोळ्यांपेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवला होता. दुर्बिणीचा स्क्रू फिरवताना दादासाहेबाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण रांग मोठी होती, पुढचा माणूस डोळा मिटून वाकला होता, आणि त्याला समजावून सांगावं लागत होतं की हा नाही, दुसरा डोळा मीट.

म्हाळसा चहाचे पेले भरून देत होती. "आई, तू ये ना बघायला," त्याने हाक मारली.

"हुंदे लोकांचं," ती लांबूनच म्हणाली. "माझ्यापायी त्यांचा मिरग गेला, निदान ह्ये तरी धड बघू दे."

त्याने पुन्हा बोलावलं नाही. तिच्या डोळ्याला डोळा भिडवून तिला काही दाखवायची त्याची हिंमतच नव्हती. शेवटी सर्जेरावांनी त्याला टोपी घातली, टॉवेल-नारळ दिला आणि भाषण ठोकलं, की गावात एवढा विद्वान निपजला ही अंथुर्ण्याची पुण्याई, फक्त त्याच्या आईला पंचांग शिकवायचं तेवढं राहिलं. लोक हसले. टोपी घातलेला विद्वानही हसला. सगळ्यात वाईट ते हसणं होतं. ते त्याला नंतर कित्येक दिवस पाण्याच्या घोटाबरोबर आठवत राहिलं.

घरी आल्यावर म्हाळसाने चूल पेटवली, भाकरी टाकली, त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली. महिन्यापूर्वी बसली होती तशीच, पण आता मान खाली घालून.

"रागावलास व्हय रं?"

"कशाला?"

"चार मान्सांत तुझी शोभा केली म्या. त्वा एवढं यंत्र घिऊन आलास, आन् म्या अडाणीनं... कालेजात कळलं तर तुला काय म्हणत्याल?"

त्याने ताट बाजूला सारलं.

"आई, ऐक. तू काही चुकली नाहीस. मीच म्हणालो होतो. हितंच बसून, रस खाताना. मृगाच्या दिवशी येतो आणि मृग दाखवतो, असं मीच म्हणालो. मला कळलंच नव्हतं की तो दिसणार नाही."

म्हाळसाने मान वर केली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू आलं की त्याला वाटलं, कळलं तिला, सुटलो.

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस व्हय?" ती म्हणाली.

"नाही गं. खरं सांगतोय. मला माहीतच नव्हतं."

"तुला म्हाईत नव्हतं? तुला?" ती आता उघड हसू लागली. "आरं, पोरास्नी शिकवतोस तू."

"शिकवणारीही माणसं चुकतात, आई."

"चुकत असत्याल. तू न्हाय." तिने ताट परत त्याच्यापुढे ओढलं. "मेंढरं काय चुकणाऱ्या पोरापायी इकली म्या? खा गुमान."

चेष्टेनेच म्हणाली ती. चूक कबूल करायलाही वेळ असते. पटांगणात कबूल केली असती तर ती चूक राहिली असती. चुलीपुढे केली तेव्हा ती त्याची माया ठरली. आणखी जोर लावून, शपथ घालून सांगितलं असतं तर कदाचित पटलंही असतं तिला. मग कळप विकला तो कशासाठी, याचं उत्तर तिला कुठून आणून दिलं असतं? म्हणून तो गप्प बसला. निदान म्हणून गप्प बसलो असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण याहून हलकं असावं, असा त्याला तेव्हाच संशय आला होता, आणि तो संशय रास्त होता. त्याने भाकरी मोडली आणि खाल्ली.

सकाळच्या गाडीला निघाला तेव्हा फाट्यावर चहाच्या टपरीपाशी सर्जेराव, रामहरी आणि आणखी पाचसात जण होते. छबूबाई सणसरला लेकीकडे निघाली होती. म्हाळसा पोचवायला आली होती. ती रात्रीपेक्षा दहा वर्षांनी तरणी दिसत होती. दादासाहेब दिसताच सर्जेराव चक्क बाकावरून उठले.

"ये बाबा, ये. आमास्नी कळलं सगळं." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हाळसावैनीनं सकाळी सकाळी घरोघर जाऊन सांगितलंय. आईची चूक आपल्या अंगावर घेतोस व्हय रं? आमच्या घरात चार शिकली, येक बी असं निघालं न्हाय."

"आबा," दादासाहेब म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याला वाटलं, हीच संधी, काल सोडली ती देवाने आज परत दिली. "आबा, तसं नाही. चूक खरंच माझीच होती. दिवस मीच सांगितला होता. मला माहीत नव्हतं. आईने काही चुकवलेलं नाही."

सर्जेरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"ऐकलं? वैनी म्हणली हुती, तुमाला बी तो हेच सांगंल. सांगितलं का न्हाय?"

टपरीवर एकच हशा उठला. रात्रीचं हसू नव्हतं ते, कौतुकाचं होतं. छबूबाईने डोळ्यांना पदर लावला. रामहरीने खोकं उचलून गाडीत नेऊन ठेवलं. "मला खरंच..." असं दादासाहेबाने पुन्हा सुरू केलं तेव्हा तर कुणी ऐकायलाही थांबलं नाही. सगळ्यांच्या मधोमध म्हाळसा उभी होती आणि आपल्या अडाणीपणावर सगळ्यांच्या बरोबरीने हसत होती. गावाने तिच्यावर दहा वर्षं केलेल्या सगळ्या चेष्टांची भरपाई त्या हसण्यात होती, आणि ती भरपाई तिला एका खोट्यातून मिळाली होती.

कंडक्टरने घंटी मारली. दादासाहेब वाकून तिच्या पाया पडला. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. तो गाडीत चढला. टपरीच्या बाजूची खिडकी मोकळी होती, पण तो पलीकडच्या बाजूला, उसाकडे तोंड करून बसला.